मालिका आधी पाहावी की पुस्तक आधी वाचावे?

एखाद्या पुस्तकावर मालिका निघाली असेल तर आधी मालिका पाहावी की पुस्तक वाचावे, आणि मूळ पुस्तकाच्या तोडीला उतरलेल्या मालिका तुमच्या मते कोणत्या, असे आपण विचारले आहे. मी समीक्षक नाही. परभणीत नोकरी करते, येथल्या ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाची 22 वर्षांपासून सभासद आहे आणि चौथीत असल्यापासून मालिका मनापासून पाहत आले आहे. त्यामुळे जे लिहिते आहे ते एका प्रेक्षकाचे आणि वाचकाचे मत समजावे.

माझे उत्तर असे आहे. ज्या पुस्तकात कुणी आपली हकिकत आपल्याच तोंडाने सांगत असते, ते पुस्तक आधी वाचावे. ज्या पुस्तकात लेखक बाजूला उभा राहून गाव, माणसे आणि घटना दाखवत जातो, त्याची मालिका आधी पाहिली तरी काही बिघडत नाही; उलट वाचताना डोळ्यांसमोर चेहरे येतात आणि पुस्तक लवकर आपले वाटू लागते. सांगणाऱ्याचा आवाज हा पुस्तकाचा जीव असतो, आणि मालिकेत सर्वांत आधी हरवतो तोच. तो एकदा नटाच्या आवाजात ऐकला की पुढे पुस्तक वाचतानाही नटच बोलत राहतो.

हे मला कळायला बरीच वर्षे लागली. सुरुवात ‘मालगुडी डेज’पासून झाली. 1986 साली शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवर केलेली ही मालिका दूरदर्शनवर लागली, तेव्हा जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात एकच टीव्ही होता, तोही मुख्याध्यापकांच्या घरी, काळापांढरा. ओसरीत सतरंजी टाकलेली असे, मुले पुढे आणि बायाबापड्या मागे बसत, चित्र हलू लागले की कुणीतरी माळवदावर चढून अँटेना फिरवत असे आणि खालून आम्ही ‘आलं, आलं’ म्हणून ओरडत असू. मालिकेचे चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंबे या गावी झाले होते, हे मला फार पुढे समजले. आगुंबे हे दक्षिणेतल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. आमच्याकडे जून सरत आला तरी माणसे कपाळाला हात लावून आभाळाकडे पाहत असतात. त्यामुळे त्या पडद्यावरचे ओले अंगण आणि गळणारी कौले पाहूनच आमची ओसरी गप्प होऊन जाई.

त्या मालिकेत एक कथा आहे. एका लहान मुलाने वाघाशी झुंज दिल्याची बातमी स्वामीचे वडील वर्तमानपत्रात वाचतात आणि धैर्य असेल तर आज आजीजवळ न झोपता माझ्या खोलीत एकटा झोपून दाखव, असे स्वामीला बजावतात. रात्री अंधारात घाबरलेला स्वामी कुणाच्या तरी पायाला कडकडून चावतो आणि तो निघतो चोर. गिरीश कार्नाड यांनी वडिलांचे काम केले होते आणि मास्टर मंजुनाथने स्वामीचे. महाविद्यालयात असताना शब्दकोश जवळ घेऊन ती कथा मी मूळ इंग्रजीत वाचली, तेव्हा ती अवघी काही पानांची आहे हे पाहून मला नवल वाटले. अर्ध्या तासाच्या आतला भाग आणि काही पानांची कथा ही मापे एकमेकांना बरोबर बसतात. लघुकथेला पाणी घालून वाढवावे लागत नाही आणि कादंबरीसारखी तिची छाटणीही करावी लागत नाही. मालिकेसाठी लघुकथेइतका चांगला ऐवज दुसरा नाही, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. 1993 साली बासू चटर्जी यांनी शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या कथांवर केलेली ‘ब्योमकेश बक्षी’ ही मालिकाही याच कारणाने टिकून राहिली. रजित कपूर यांचा ब्योमकेश आजही पुन्हा पाहावासा वाटतो, कारण प्रत्येक रहस्य आपल्या मापात सुरू होते आणि आपल्या मापात संपते.

याच नारायण यांच्या ‘गाइड’ या कादंबरीवर 1965 साली चित्रपट निघाला. तो लोकांना अतिशय आवडला, मलाही त्यातली गाणी पाठ आहेत. परंतु स्वतः लेखकाला तो पटला नव्हता आणि आपली नाराजी त्यांनी लिहूनही ठेवली आहे. मालगुडी हे दक्षिणेतले एक छोटे कल्पित गाव, तर चित्रपटाने कथा उचलून राजस्थानातल्या महालांमध्ये नेऊन ठेवली. गाव बदलले की माणसांचे चालणे, बोलणे, लाजणे, भांडणे सगळेच बदलते. शंकर नाग यांनी आगुंबेच्या एका जुन्या वाड्यात आणि तिथल्या रस्त्यांवर मालगुडी उभे केले, म्हणून ते खरे वाटले. मालिका पुस्तकाला उतरली की नाही हे पाहताना मी आता आधी गाव पाहते, आणि मग आवाज ऐकते.

गाव आणि माणसे या दोन्ही बाबतींत मला सर्वांत मोठी वाटणारी मालिका म्हणजे गोविंद निहलानी यांची ‘तमस’. भीष्म साहनी यांच्या फाळणीवरच्या ज्या कादंबरीला 1975 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तिच्यावर ही मालिका बेतलेली आहे आणि 1988 च्या जानेवारीत ती दूरदर्शनवर दाखवली गेली. तिचे प्रसारण थांबवावे म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि न्यायालयाने प्रसारणाला मोकळीक दिली. कादंबरीचे पहिले प्रकरण फाळणीविषयी काहीच बोलत नाही. पाच रुपयांच्या आशेने आलेला नथ्थू एका बंद कोठडीत दिव्याच्या उजेडात एका डुकराला मारू पाहतो आहे, ते जनावर मरत नाही, रात्र सरत चालली आहे आणि घामाने डबडबलेल्या नथ्थूला आपण कशासाठी हे करतो आहोत याची कल्पना नाही, एवढेच त्यात आहे. ओम पुरी यांनी ती रात्र जशी उभी केली आहे तशी ती मला वाचतानाही दिसली नव्हती.

परंतु ‘तमस’ माझ्या मनात राहिली ती माझ्या आजीमुळे. मालिकेत हरनामसिंग आणि त्याची म्हातारी बायको एक ट्रंक घेऊन रात्रीच्या अंधारात गाव सोडतात आणि पहाटे एका अनोळखी मुसलमान घराचे दार वाजवतात, असा प्रसंग आहे. हरनामसिंगचे काम स्वतः भीष्म साहनी यांनी केले होते आणि त्यांच्या पत्नीचे काम दीना पाठक यांनी. आजीला हिंदी फारसे कळत नव्हते. तो प्रसंग सुरू झाला तेव्हा ती पदराचे टोक तोंडात धरून बसली होती. दार उघडले तशी ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘आमाला बी असंच पिंजाऱ्याच्या घरानं दोन रात्री ठिवून घेतलं होतं बघ.’ 1948 मध्ये निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीने आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे गठुडी घेऊन वऱ्हाडाच्या हद्दीत गेली होती, हे आम्ही मराठवाडा मुक्तिदिनाच्या, 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनाच्या भाषणांत दर वर्षी ऐकत होतो. पण आपली आजी त्यांतलीच एक, आणि तिला आसरा देणारे घर मुसलमानाचे होते, हे घरात त्या संध्याकाळी प्रथमच कळले. चाळीस वर्षे तिने ते कुणाला सांगितले नव्हते. रावळपिंडीकडची गोष्ट परभणी जिल्ह्यातल्या एका म्हातारीची होऊन जाते, हे सामर्थ्य मी कोणत्याही मालिकेत पुन्हा अनुभवलेले नाही.

आता आवाजाविषयी. ‘महाभारत’ 1988 ते 1990 या काळात लागत होते आणि रविवारी सकाळी गल्ली ओस पडत असे, हे सर्वांना ठाऊक आहे. ते लिहिणारे राही मासूम रझा हे मुळात कादंबरीकार, आणि त्यांच्या संवादांत कादंबरीकाराची पकड जाणवते. आमच्या घरी मात्र त्या काळात वेगळाच वाद चाले. वडिलांनी शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ अनेकदा वाचलेली होती आणि पडद्यावरचा कर्ण त्यांना पुरेसा वाटत नसे. पंकज धीर यांचे काम वाईट होते असे ते कधीच म्हणाले नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, कर्ण बाहेरून दिसतो आहे, आतून ऐकू येत नाही. मी सहावीत ‘मृत्युंजय’ वाचायला घेतली तेव्हा मला ते समजले. त्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडाने बोलतात. मालिकेत कुंती नदीवर कर्णाला भेटायला येते तेव्हा आपण दोघांनाही पाहतो. पुस्तकात आपण आधी एकाच्या मनात बसलेले असतो आणि मग दुसऱ्याच्या. माझ्या दृष्टीने दोन्ही आपापल्या जागी थोर आहेत, परंतु आधी मालिका पाहिल्यामुळे माझ्या वाचनातला कर्ण कितीतरी पाने पंकज धीर यांच्याच आवाजात बोलत राहिला आणि तो पुसून काढायला मला दुसरे वाचन करावे लागले.

याहून नाजूक उदाहरण ‘उंच माझा झोका’चे आहे. 2012 साली सुरू झालेली ही मालिका रमाबाई रानडे यांच्या आयुष्यावर होती आणि तिला ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या 1910 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा आधार होता. माझ्या सासूबाई आणि मी ती रोज एकत्र पाहत असू. तेजश्री वालावलकर हिने केलेली लहान रमा मला मोठ्या रमेपेक्षा अधिक आवडली, कारण अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या, पाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या आणि त्यापायी घरातल्या बायकांचा रोष ओढवून घेणाऱ्या त्या मुलीचा गोंधळ आणि हट्ट दोन्ही तिच्या डोळ्यांत दिसत होते. मालिका संपल्यावर मी वाचनालयातून ते पुस्तक आणले. त्या प्रतीला खाकी कागदाचे वेष्टन होते आणि शेवटच्या पानावर कुणा जुन्या वाचकाने निळ्या शाईत ‘प्रत्येक मुलीने वाचावे’ असे लिहून ठेवले होते.

दुपारच्या लोडशेडिंगमध्ये मी सासूबाईंना ते मोठ्याने वाचून दाखवू लागले आणि पहिल्या काही पानांतच आम्ही दोघी एका शब्दापाशी थांबलो. रमाबाई आपल्या यजमानांचा, म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा उल्लेख नावाने करीत नाहीत, ‘स्वतः’ असा करतात. ‘स्वतः’ आले, ‘स्वतः’ला बरे नव्हते, अशा धाटणीने सगळे पुस्तक चालते, त्याच्या इंग्रजी अनुवादाचे नावही ‘हिमसेल्फ’ असे ठेवले गेले. सासूबाई म्हणाल्या, ‘आम्ही मालक म्हणायचो, ह्या स्वतः म्हणतात. नाव काही घ्यायचं नाही.’ आणि मग कितीतरी वेळ त्या आपल्या लग्नानंतरच्या दिवसांविषयी बोलत राहिल्या. त्या एका शब्दात आदर आहे, संकोच आहे, सगळे आयुष्य ज्याच्याभोवती फिरले त्या माणसाबद्दलचे प्रेम आहे. मालिकेत प्रेमळ नजरा होत्या, सुंदर वाडा होता, नऊवारी लुगडी होती. पण तो शब्द तिथे येऊ शकत नव्हता, कारण पडद्यावर रमाबाई सांगत नसतात, त्या सांगितल्या जात असतात. म्हणून या पुस्तकाच्या बाबतीत माझा आग्रह आहे की, आधी वाचा आणि मग मालिका पाहा.

रणजित देसाई यांची थोरल्या माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ ही कादंबरी 1962 ची. तिच्यावरची दूरदर्शन मालिका मी उशिरा पाहिली. गजानन जागीरदार यांचे दिग्दर्शन, रवींद्र मंकणी यांचे माधवराव आणि मृणाल देव यांनी केलेल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई हे तिन्ही मला मनापासून आवडले. मराठवाड्यातल्या वाचकाला त्या काळाविषयी आपुलकी वाटण्याचे आणखी एक कारण आहे: माधवरावांच्या कारकिर्दीतली राक्षसभुवनची लढाई 10 ऑगस्ट 1763 रोजी झाली ती गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी. शनीच्या दर्शनाला राक्षसभुवनला जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असते, कोण जाणे.

मालिकांविषयीची माझी खरी तक्रार लांबीची आहे. जुन्या दूरदर्शन मालिका बहुधा तेरा-तेरा भागांच्या हिशेबाने आखलेल्या असत. ‘तमस’ तर सगळी मिळून सुमारे पाच तासांची आहे. ‘महाभारत’ 94 भागांचे असले तरी शेवट कुठे आहे हे लिहिणाऱ्याला, करणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. रोज संध्याकाळी लागणाऱ्या मालिकेला असा शेवट नसतो. लोक पाहत आहेत तोवर तिला चालत राहावे लागते, आणि ‘चार दिवस सासूचे’सारखी मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली तेव्हा माझ्या आईने तिच्यावर जे प्रेम केले त्याचा मी आदरच करते. ती मालिकेसाठीच रचलेली गोष्ट होती. कादंबरी घेऊन तसे करणे मात्र मला अन्याय वाटतो. कादंबरीकाराने शेवटचे पान लिहिलेले असते, त्या पानाकडे जाण्यासाठीच आधीची सगळी पाने असतात. मध्येच मूळ पुस्तकात नसलेली एखादी मावशी घरात येते, दागिन्यांचा डबा चोरीला जातो, कुणाचा तरी स्मृतिभ्रंश होतो, आणि आपण प्रेमाने वाचलेले पात्र ओळखू येईनासे होते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

आणि आता जे मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते. कोल्हापूरची बोली ‘तुझ्यात जीव रंगला’मुळे घराघरांत पोहोचली, मालवणी ‘रात्रीस खेळ चाले’मुळे, नागपूरकडचे बोलणे ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या राधिकेमुळे. मराठवाडी बोलणे लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधून रंगभूमीवर नेले आणि मकरंद अनासपुरे यांनी चित्रपटांत, या दोघांचे आमच्यावर उपकार आहेत. परंतु त्या बोलीला प्रेक्षक हसतात. ‘कामून’, ‘काय करायलास’, ‘जाऊ लाले’ हे शब्द ऐकले की आता विनोद येणार अशी लोकांची समजूत झाली आहे. याच बोलीत आमच्याकडे मयतावर रडतात, कर्जासाठी हात जोडतात, लेकीला सासरी धाडतात. तेवढे मोठे, गंभीर काम या बोलीला मालिकेत मिळालेले मी पाहिलेले नाही.

पुस्तकांत ते कधीच मिळाले आहे. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही 1971 ची कादंबरी घ्या. शिंपीकाम करणाऱ्या एका घराची ही वाताहत त्या घरातली बाई आपल्या बोलीत सांगते. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही, दिवस उतरत जातो तसा भावही उतरत जातो, आणि शेवटी बाप आपल्याच मळ्यातले टोमॅटो पायाखाली तुडवू लागतो. हे सगळे मुलगा पाहत असतो. कळंब भागातल्या लेखकाची ही कथा मी शंभरदा डोळ्यांसमोर आणली आहे. एकच भाग, एकच बाजार. तराजूचा आवाज, गिऱ्हाईक दोन टोमॅटो दाबून पाहते आणि ठेवून पुढे जाते ते, पोराची टोपलीवरून बापाच्या तोंडाकडे जाणारी नजर, आणि शेवटी पार्श्वसंगीत अजिबात नको, फक्त पायांचा आवाज. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन आहे, आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’मधल्या कथा आहेत, ज्या संग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि जे लेखक आमच्या परभणीचेच आहेत. अशा लेखकांच्या तेरा कथा, तेरा भाग, आणि चित्रीकरण इथेच, सेलू-जिंतूरच्या आठवडी बाजारात आणि एस. टी. स्टँडवर. कुणी केलेच तर कृपा करून आमचे गाव उचलून साताऱ्याला नेऊ नये.

आपल्या प्रश्नाकडे परत येते. ‘मालगुडी डेज’ आणि ‘ब्योमकेश बक्षी’ आधी खुशाल पाहावे. ‘तमस’चे पहिले प्रकरण वाचावे, मालिका पाहावी, मग राहिलेली कादंबरी वाचावी, मालिकेत नथ्थूच्या वाट्याला कादंबरीपेक्षा अधिक जागा आली आहे, तो फरक आपोआप लक्षात येईल. ‘मृत्युंजय’ आणि रमाबाईंच्या आठवणी आधी वाचाव्यात. ‘पाचोळा’ मात्र मनात न वाचता मोठ्याने वाचावी, आणि घरात लातूर-धाराशिवकडचे कुणी वडीलधारे असतील तर त्यांच्याजवळ बसून वाचावी. एखादा शब्द अडला तर त्याचा अर्थ ते सांगतीलच, आणि तो शब्द त्यांनी शेवटचा कुणाच्या तोंडून ऐकला होता, तेही सांगतील.